जे. सी.ची घडी: स्मृती परत न येता उभं राहिलेलं आयुष्य

१९८५ साली केंब्रिज विद्यापीठात कायदा शिकणाऱ्या एका २० वर्षांच्या मुलाच्या मेंदूत रक्तस्राव झाला. जीव वाचला. बोलणं, वाचणं, तर्क लढवणं जवळजवळ पूर्वीसारखंच राहिलं. बुद्धिमापन चाचण्यांत तो सरासरीच्या वरच असायचा. गेली ती नवीन गोष्ट साठवून ठेवण्याची ताकद. काही सांगितलं की तो त्या क्षणी नीट ऐकायचा, त्यावर समजूतदारपणे बोलायचा, आणि लक्ष दुसरीकडे वळलं की काही मिनिटांत ते सगळं पुसलं जायचं. कायद्याच्या अभ्यासात खटल्यामागून खटले डोक्यात ठेवावे लागतात. तो रस्ता तिथेच बंद झाला.

वैद्यकीय लिखाणात हा मुलगा जे. सी. या आद्याक्षरांनी ओळखला जातो. मेंदूच्या इजेचा मनाच्या कामांवरचा परिणाम तपासणाऱ्या मानसशास्त्रज्ञ, म्हणजे न्यूरोसायकॉलॉजिस्ट, बार्बरा विल्सन यांनी त्याच्या पहिल्या दहा वर्षांचा आलेख १९९७ साली एका शोधनिबंधात मांडला. त्या निबंधाच्या लेखकांच्या यादीत जे. सी.चंही नाव आहे. ज्याला सकाळचं दुपारी आठवत नाही असा माणूस स्वतःच्याच प्रकरणाचा सहलेखक, हे वाचताना क्षणभर थांबायला होतं. पण पुढचा तपशील वाचला की त्यात नवल वाटत नाही, कारण लिहून ठेवण्यात त्याच्याइतका तरबेज माणूस त्या सगळ्या मंडळींत दुसरा नसावा.

दहा वर्षांनंतरची परिस्थिती अशी होती: तो स्वतंत्र घरात एकटा राहत होता, वेताच्या खुर्च्या विणून स्वतःचा धंदा चालवत होता, ठरलेल्या वेळी ठरलेल्या ठिकाणी पोहोचत होता. आणि स्मृतीच्या चाचण्यांत तो तेव्हाही जवळपास तितकाच नापास होत होता.

हे शेवटचं वाक्य घरच्या लोकांना पचायला जड जातं. अपघातानंतर किंवा मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर कुटुंबाचा पहिला प्रश्न असतो, ‘आठवायला कधी लागणार?’ दुसरा, ‘गोळी नाही का काही?’ मग कुणीतरी ब्राह्मी सुचवतं, कुणी भिजवलेले बदाम, कुणी शब्दकोडी, तर कुणी मोबाइलवरचं मेंदूच्या व्यायामाचं ॲप. हरवलेली साठवणूक खात्रीने परत आणून देणारं औषध आजही हातात नाही. व्यायामाचं काय, ते पुढे येईल. जे. सी.च्या प्रकरणाचं मोल माझ्या मते असं की त्यात कोणीही स्मृती ‘सुधारायच्या’ मागे फार काळ लागलं नाही. जे गेलं त्याच्या जागी काय उभं करता येईल, याच्या मागे लागले, आणि त्याला दहा वर्षं दिली.

काय गेलं, काय उरलं

स्मृती म्हणजे एकच एक कोठार नव्हे, हे कळल्याशिवाय पुढची युक्ती कळत नाही. घडलेल्या प्रसंगांची आठवण साठवायला कानशिलांच्या आतल्या बाजूचा हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या आसपासचा भाग लागतो. सवयी, हाताची कौशल्यं, ओळखीच्या वाटा मात्र मेंदूच्या वेगळ्या भागांवर चालतात आणि बहुतेक वेळा वाचतात.

जिनिव्हाचे मानसशास्त्रज्ञ एदुआर क्लापारेद यांनी १९११ साली याचा एक दुष्ट म्हणावा असा पुरावा नोंदवला. स्मृती गेलेल्या एका बाईंशी हस्तांदोलन करताना त्यांनी बोटांत टाचणी लपवली. नंतर त्यांनी पुन्हा हात पुढे केला तेव्हा बाईंनी आपला हात मागे घेतला. हा माणूस आपल्याला पूर्वी भेटलाय हेही त्यांना आठवत नव्हतं. पण हाताला कळलं होतं. पुढे १९५३ साली अपस्मारासाठी शस्त्रक्रिया झालेला हेन्री मोलेसन, म्हणजे पाठ्यपुस्तकांतला प्रसिद्ध एच. एम., आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला शिकला. ब्रेंडा मिलनर यांनी दाखवलं की दिवसागणिक त्याच्या चुका कमी होत गेल्या, आणि दर दिवशी ‘हे मी पहिल्यांदाच करतोय’ असं त्याला वाटत राहिलं.

जे. सी.च्या बाबतीत पुनर्वसनाची सगळी इमारत या उरलेल्या जमिनीवर उभी आहे. ‘वही बघायची’ ही सवय लागू शकते. वहीत काय लिहिलंय ते आठवण्याची गरजच नाही.

वही का फसते

कोणताही हॉस्पिटलमधला सल्लागार घरी जाताना सांगतो, ‘त्यांना एक डायरी द्या.’ घरचे चांगली जाडजूड डायरी आणतात. दोन आठवड्यांनी ती उशाखाली कोरी सापडते. यात रुग्णाचा आळस नसतो. डायरी वापरायची तर डायरी आहे हे आठवावं लागतं, ती कुठे आहे ते आठवावं लागतं, आणि ती नेमकी केव्हा उघडायची तेही आठवावं लागतं. ज्याला गरज सर्वात जास्त, त्यालाच ते साधन वापरणं सर्वात अवघड. पुनर्वसनातल्या लोकांना हा पेच जुना आहे.

जे. सी.ने आणि त्याच्या कुटुंबाने तो सोडवला तो साधनांची साखळी करून. मनगटावर गजराचं घड्याळ. घड्याळ वाजलं की हातात काहीतरी घ्यायचं, मग त्यात बघायचं. घड्याळ स्वतःहून ओरडतं, म्हणून ते आठवावं लागत नाही, एवढाच त्याचा गुण आणि तोच सर्वात मोठा. खिशात डिक्टाफोन, म्हणजे लहान टेपरेकॉर्डर. दिवसभरात जे घडेल, कुणाशी जे ठरेल, ते त्याच वेळी त्यात बोलून ठेवायचं. रात्री बसून टेप ऐकायची आणि महत्त्वाचं ते रोजनिशीत उतरवायचं. जागोजागी चिकटवण्याचे पिवळे कागद. आणि या सगळ्याच्या मध्यभागी आठवड्याचा एक तक्ता आणि सुट्या पानांची फायलोफॅक्स वही, ज्यात नोंदी हलवता येतात, काढता येतात, नव्या घालता येतात.

तक्ता आणि वही एकमेकांना जोडायची कल्पना त्याच्या नात्यातल्या एका बाईंची होती. त्या थेरपिस्ट नव्हत्या. मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो, कारण तज्ज्ञाने आठवड्यातून एकदा तासभर बसून आखलेली पद्धत आणि घरातल्या माणसाने रोज अडखळणं बघून घडवलेली पद्धत यांत फरक पडतो. तज्ज्ञांचं काम इथे दुसरं होतं: काय शाबूत आहे ते मोजून सांगणं, कोणत्या क्रमाने साधनं वाढवायची ते ठरवणं, आणि काय चालतंय ते नोंदवत राहणं.

आणि क्रम होता. सगळं पहिल्या महिन्यात हातात दिलं नाही. एक साधन सवयीत मुरलं की त्याच्यावर पुढचं. निबंधाच्या शीर्षकात ‘नैसर्गिक इतिहास’ असा शब्दप्रयोग आहे. वनस्पतीची वाढ नोंदवावी तशी एका पद्धतीची वाढ त्यात नोंदवली आहे. शेवटी त्याच्या हाती आलेली घडी कागदावर पाहिली तर अवजड वाटते. पण ती एकदम कुणी लादलेली नव्हती.

रात्रीच्या त्या उतरवून घेण्याबद्दल थोडं अधिक. टेपवरची नोंद म्हणजे कच्चा माल. ‘अमुक बाईंचा फोन, दोन खुर्च्या, पुढच्या आठवड्यात’ एवढंच त्यात असतं. ती ऐकताना त्याला निवड करावी लागे: हे उद्याच्या तक्त्यात जाईल, हे रोजनिशीत, हे टाकून द्यायचं. ही निवड करायला विचारशक्ती लागते, आणि ती त्याच्याकडे भरपूर होती. म्हणजे जे शाबूत होतं त्याला त्याने कामाला लावलं. पुढे हा मुद्दा निर्णायक ठरणार आहे.

‘ओळखलंस का मला?’

साधनं वापरायला शिकवायची तर शिकवायची कशी, हा वेगळा प्रश्न. इथे १९९४ सालचं ॲलन बॅडली आणि बार्बरा विल्सन यांचं काम उपयोगी पडतं. त्यांनी स्मृतिलोपाच्या १६ रुग्णांना शब्दांच्या याद्या दोन तऱ्हांनी शिकवल्या. मराठीत करायचं झालं तर असं: एका तऱ्हेत ‘मी ‘पा’ने सुरू होणारा शब्द मनात धरलाय, ओळखा’ असं म्हणायचं. रुग्ण म्हणतो पाणी, मग पान, आणि मग आपण सांगतो, ‘नाही, पाट. लिहून घ्या.’ दुसऱ्या तऱ्हेत ओळखायला लावायचंच नाही. ‘मी ‘पा’ने सुरू होणारा शब्द मनात धरलाय, तो पाट. लिहून घ्या.’ १६ पैकी १६ रुग्ण दुसऱ्या तऱ्हेने जास्त शिकले.

कारण असं की चुकांतून शिकायला ‘ती चूक होती’ हे आठवावं लागतं. ते आठवत नसेल, तर तोंडून गेलेला चुकीचा शब्दच सवयीच्या बाजूने घट्ट होतो, आणि पुढच्या वेळी तोच आधी बाहेर येतो. निरोगी माणसाला ‘आधी स्वतः प्रयत्न कर, मग सांगतो’ हा मास्तरी खाक्या फायद्याचा ठरतो. ज्याची साठवण गेलीय त्याच्यासाठी तो घातक.

आता आपल्याकडचा हॉस्पिटलमधला भेटीचा वेळ डोळ्यांपुढे आणा. पाहुणे पलंगाभोवती उभे, आणि प्रत्येकजण पुढे होऊन विचारतोय, ‘ओळखलंस का मला? सांग बघू मी कोण?’ प्रेमाने विचारतात. रुग्ण गोंधळतो, काहीतरी नाव घेतो, सगळे हसतात किंवा कुणाच्या डोळ्यांत पाणी येतं, आणि ते चुकीचं नाव त्या चेहऱ्याला चिकटून बसतं. त्याऐवजी दारातून आत येतानाच ‘मी तुझी सुमनमावशी, सातारहून आलेय’ असं सांगणं, आणि पाच मिनिटांनी बोलता बोलता पुन्हा ‘तुझी सुमनमावशी काय म्हणते...’ असं नाव पेरणं, हे उपचार आहेत. फुकटातले. मग हळूहळू अंतर वाढवायचं: अर्ध्या मिनिटाने विचारायचं, एका मिनिटाने, दोन, चार, आठ. उत्तर अडलं की ताणायचं नाही, लगेच सांगायचं आणि मागच्या छोट्या अंतरावर यायचं. या अंतराअंतराने आठवून घेण्याच्या तऱ्हेवर बरंच संशोधन झालंय, आणि एकेक ठराविक गोष्ट बसवायला ती चांगली आहे: नाव, खोलीचा नंबर, ‘गजर वाजला की तक्ता बघायचा’.

‘एकेक ठराविक गोष्ट’ हे शब्द जाणूनबुजून वापरलेत. या मार्गाने स्मृती वाढत नाही. एक वाक्य बसतं.

खुर्ची विणणारा वकील

जे. सी.ने कायदा सोडला आणि वेताच्या खुर्च्या विणायला शिकला. वरवर पाहता ही घसरण आहे. केंब्रिजचा कायद्याचा विद्यार्थी आणि हातकाम! आपल्याकडे तर अशा वेळी आईवडील वर्षानुवर्षं ‘त्याची परीक्षा राहिलीय’ म्हणत बसतात.

पण त्या कामाकडे जरा बारकाईने बघा. खुर्चीच्या चौकटीला चारी बाजूंनी भोकं असतात. पारंपरिक विणीत आधी उभ्या पट्ट्या जातात, मग आडव्या, मग दुसऱ्या उभ्या, मग दुसऱ्या आडव्या आधीच्यांतून विणत, मग एका दिशेच्या तिरप्या, मग दुसऱ्या दिशेच्या, आणि शेवटी कडेची पट्टी. प्रत्येक टप्प्यात बैठक वेगळी दिसते. अर्धवट सोडलेली खुर्ची समोर ठेवली की काम कुठवर आलं होतं ते ती स्वतःच सांगते. ‘काल मी कुठे थांबलो?’ हा प्रश्न विचारायला डोक्यात जावंच लागत नाही. शिवाय वीण हाताची. एच. एम.ला आरशातली चांदणी जशी बसली, तशी ही बोटांत बसते. कोणाची खुर्ची, किती पैसे ठरले, कधी न्यायला येणार, एवढंच बाहेर राहतं, आणि ते एका चिठ्ठीवर मावतं.

हे विश्लेषण माझं आहे, निबंधातलं नव्हे. पण मला वाटतं की व्यवसायाची ही निवड त्या सगळ्या प्रकरणातला घड्याळाइतकाच मोठा उपचार होती. आपल्याकडे सरकारी कचेऱ्यांतल्या वेताच्या खुर्च्या विणण्याचं काम अंध कारागीर वर्षानुवर्षं करत आलेत. तिथेही तत्त्व हेच, फक्त डोळ्यांच्या जागी बोटं. माणसाला कामासाठी घडवण्याआधी काम माणसाच्या उरलेल्या ताकदीशी जुळतंय का, हे बघायचं.

याच अंगाने दुसरं एक उदाहरण आहे. मेंदूदाह झालेली एच. डी. या आद्याक्षरांची एक बाई. एलिझाबेथ ग्लिस्की आणि डॅनियल शॅक्टर यांनी १९८७ साली नोंदवलेल्या प्रयोगात तिला कंपनीतलं संगणकावर माहिती भरण्याचं काम शिकवलं. कामाचे बारीक तुकडे केले, उत्तराची पूर्ण सूचना द्यायची आणि दर खेपेला एकेक अक्षर कमी करत न्यायचं. ती ते काम प्रत्यक्ष कचेरीत करू लागली. मात्र अशा शिक्षणाचा एक स्वभाव आहे: ते कडक असतं. प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला की शिकलेलं उत्तर हाताशी येत नाही. म्हणून ज्या टेबलावर, ज्या पडद्यावर काम करायचं, तिथेच शिकवावं लागतं. थेरपीच्या खोलीत खोट्या नोटा मोजायला शिकवून बाजारात तो हिशेब आपोआप येईल, ही आशा धरू नये.

सगळेच जे. सी. नसतात

इथे थोडं थंड पाणी ओतणं भाग आहे. जे. सी.ची इजा एका अर्थी ‘स्वच्छ’ होती. साठवण गेली, पण नियोजन, पुढाकार, स्वतःच्या अडचणीची जाण शाबूत. आपल्याकडे येणारे बहुतेक तरुण रुग्ण दुचाकीवरून पडलेले असतात. भारतात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसं गेली आणि त्यांत दुचाकीस्वारांचा वाटा सर्वात मोठा, ४४ टक्क्यांच्या वर. जे वाचतात त्यांच्या डोक्याला बसलेला मार कानशिलांपुरता राहत नाही. कवटीच्या पुढच्या तळाला खडबडीत हाडं आहेत. धक्क्याने मेंदू त्यांच्यावर घासतो, आणि कपाळामागचा भाग दुखावतो. हाच भाग ‘आता उठून हे करूया’ असं ठरवतो. तो गेला की माणूस गजर ऐकतो, बंद करतो आणि तसाच बसून राहतो.

विल्सन यांच्याच गटाने १९९८ साली आर. पी. नावाने नोंदवलेली बाई या दुसऱ्या टोकाची. पन्नाशीतली, पक्षाघाताला सात वर्षं झालेली. तिची स्मृती बरी होती. काय करायचंय ते ती सांगू शकायची, पण करायची नाही. तिला कामी आला न्यूरोपेज: कमरेला लावायचा पेजर, त्यावर ठरलेल्या वेळी ‘आता गोळ्या घे’ असा निरोप. हे यंत्र कॅलिफोर्नियातल्या लॅरी ट्रेडगोल्ड या इंजिनिअरने न्यूरोसायकॉलॉजिस्ट नील हर्श यांच्याबरोबर बनवलं. ट्रेडगोल्ड यांचा मुलगाच डोक्याला इजा होऊन या अवस्थेत होता. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ८ ते ८३ वर्षांच्या १४३ जणांना हा पेजर दिला, आणि ज्यांनी १६ आठवड्यांची चाचणी पूर्ण केली त्यांच्यातल्या ८० टक्क्यांहून जास्त जणांनी ठरवलेली कामं लक्षणीयरीत्या जास्त वेळा पार पाडली.

आज ते यंत्र प्रत्येकाच्या खिशात आहे. फक्त मोबाइलमध्ये पेजरचा साधेपणा नाही. त्यात आलेल्या आठवणीच्या निरोपावर बोट ठेवेपर्यंत वरून तीन फॉरवर्ड आणि एक रील उतरते, आणि निरोप गेला. म्हणून पहिले काही महिने रुग्णाच्या फोनवरून बाकी सगळं काढून टाकावं, हा माझा आग्रह असतो. घरात त्यावरून भांडण होतं, विशेषतः रुग्ण पंचविशीतला असला तर.

आणि टोरांटोचे के. सी., म्हणजे केंट कॉक्रेन. १९८१ साली मोटरसायकल अपघात, वय ३०. स्वतःच्या आयुष्यातला एकही प्रसंग त्यांना घडल्यासारखा आठवत नव्हता, आणि पुढच्या दिवसाची कल्पनाही करता येत नव्हती. स्मृतीचे अभ्यासक एन्डेल टुल्विंग यांनी त्यांच्यावर दोन दशकांहून अधिक काळ काम केलं. के. सी. ग्रंथालयात पुस्तकं क्रमांकानुसार लावायला शिकले. पण ते जे. सी.सारखे एकटे राहू शकले नाहीत. ज्याला ‘उद्या’ दिसत नाही, तो उद्यासाठी लिहील कशाला? या प्रश्नाला मला अजून समाधानकारक उत्तर सापडलेलं नाही. अशा रुग्णासाठी साधनं रुग्णाच्या हातात न देता घराच्या भिंतींवर आणि घरातल्या माणसांच्या दिनक्रमात बसवावी लागतात.

व्यायामाबद्दल

१९८० साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग सांगतो आणि हा विषय संपवतो. अँडर्स एरिक्सन आणि विल्यम चेस यांनी एस. एफ. नावाच्या निरोगी विद्यार्थ्याकडून आकडे पाठ करून घेतले. सुरुवातीला ऐकलेले सात आकडे तो परत सांगू शकायचा. दोनशेहून अधिक तासांच्या सरावानंतर जवळजवळ ८०. मग त्यांनी आकड्यांऐवजी अक्षरं दिली. पुन्हा सहा. धडधाकट तरुण मेंदूत सरावाचा फायदा आकड्यांपासून अक्षरांपर्यंतही पोहोचत नसेल, तर ॲपवरच्या पत्त्यांच्या जोड्या जुळवून गॅस बंद केल्याची आठवण सुधारेल, असं मानायला आधार काय? डोक्याला इजा झालेल्यांच्या पुनर्वसनासाठी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी केलेल्या इनकॉग नावाच्या शिफारशीही बाह्य साधनांच्या बाजूने ठाम आहेत. ॲप खेळून वेळ बरा जात असेल तर खेळू द्यावं, त्यासाठी पैसे मात्र भरू नयेत.

चित्रं कल्पून नावं लक्षात ठेवणं, वाचायच्या आधी प्रश्न काढणं अशा मनातल्या युक्त्या सौम्य इजेत उपयोगी पडतात. गंभीर इजेत रुग्ण युक्ती शिकतो आणि वापरायला विसरतो. पुरेशी झोप, चालणं, दारू पूर्ण बंद, मनाची खिन्नता असेल तर तिच्यावर उपचार: यांनी लक्ष टिकतं, आणि लक्ष टिकलं तर जे थोडं आत जायचं ते जातं. यात वादाचं काही नाही.

आपल्या घरात हे उतरवताना

बेंगळुरूच्या निम्हान्ससारख्या संस्थेत बोधात्मक पुनर्वसनाची, म्हणजे स्मृती, लक्ष, नियोजन यांच्या अडचणींवर काम करण्याची, सोय आहे, मोठ्या शहरांत ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट भेटतात. सांगोल्यात किंवा कणकवलीत राहणाऱ्या कुटुंबाला दर आठवड्याला तिथे जाणं परवडत नाही. तरी एकदा नीट तपासणी करून घ्यावीच: काय गेलंय यापेक्षा काय उरलंय, हे लेखी मागून घ्यावं. डिस्चार्ज कार्डावर ते नसतं.

बाकीचं घरी होऊ शकतं. एकच वही. स्वयंपाकघरात एक, बैठकीत एक, मोबाइलमध्ये तिसरी अशा तीन जागा झाल्या की कुठलीच वापरली जात नाही. तारखेच्या कॅलेंडरचे मोठे चौकोन, जे आपल्याकडे दुधाच्या हिशेबाला आधीपासूनच वापरले जातात, आठवड्याच्या तक्त्याला उत्तम. झालेल्या दिवसावर रात्री रुग्णानेच फुली मारायची. गजर सुरुवातीला दिवसातून दोनच. पहिल्या दिवसांत गजर वाजला की घरातल्या माणसाने काही न बोलता रुग्णाचा हात वहीकडे न्यायचा. ‘गजर वाजला, आता काय करायचं सांग?’ असं विचारायचं नाही. नंतर हात सोडून फक्त बोट दाखवायचं, नंतर फक्त नजर, नंतर काही नाही. हे व्हायला आठवडे लागतात, कधी महिने. घाई केली की पुन्हा पहिल्यापासून.

एकत्र कुटुंबाचा एक धोका असतो. पाण्याचा ग्लास मागायच्या आधी हातात येतो. सहा माणसं सहा गोष्टींची आठवण करून देतात. रुग्णाला वहीची गरजच पडत नाही, म्हणून सवयही लागत नाही. मग आई थकते, किंवा बायकोला नोकरीवर परत जावं लागतं, आणि तेव्हा कळतं की दीड वर्षात काहीच उभं राहिलं नाही. जे. सी.ला एकटं राहायचं होतं, आणि त्या इच्छेने त्या घडीला बळ दिलं. आपल्या घरात एखादी गोष्ट तरी अशी ठरवावी जी फक्त वहीतूनच मिळेल. उदाहरणार्थ, रविवारी कुणाकडे जायचंय ते कोणी तोंडी सांगायचं नाही.

साधन कधी काढून घ्यायचं, हा प्रश्न सहाएक महिन्यांनी हमखास येतो, कारण रुग्ण बरा चालायला लागलेला असतो आणि वही, गजर पाहुण्यांसमोर लाजिरवाणे वाटतात. पेजरच्या त्या चाचणीचे आकडे २००८ साली पुन्हा तपासले गेले. डोक्याला मार बसलेल्या रुग्णांनी पेजर परत दिल्यानंतरही बराचसा फायदा टिकवला, म्हणजे दिनक्रम त्यांच्या अंगवळणी पडला होता. पक्षाघात झालेले रुग्ण मात्र पेजर गेल्यावर मूळ पातळीवर परत आले. तेव्हा इजा कशाने झाली ते बघून ठरवावं. मार बसलेल्या रुग्णात दोन आठवडे गजर बंद करून, चुकलेली कामं गुपचूप मोजून बघायला हरकत नाही, औषधांच्या वेळांचा गजर तेवढा चालू ठेवून. रक्तस्राव किंवा पक्षाघात असेल, तर गजर काढायचा विचार करण्याआधी दहा वेळा थांबावं. जे. सी.ने दहा वर्षांत आपली साधनं बदलली, वाढवली, पण सोडली नाहीत.